फसायलाही कान लागतो

पाटीवरची चौथी ओळ मी तीनदा वाचली. पहिल्या तीन ओळी हृदयविकार, पाठीचं दुखणं आणि गरोदरपणाच्या होत्या. चौथी माझी होती: चक्कर किंवा भोवळ येण्याचा त्रास असणाऱ्यांनी या राइडमध्ये बसू नये. पाटीच्या कडांना प्लास्टिकच्या हिरव्या फांद्या आणि लाल फिती लावल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात एक सांताक्लॉज सतत हात हलवत होता. सवयीने मी त्याच्या टोपीच्या पांढऱ्या गोंड्यावर नजर रोवली आणि मान डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिली. गोंडा जागेवर राहिला. मग जरा जोरात हलवली. तरी राहिला.

"मावशी, तू नाही नाही म्हणतेयस का?" भाच्याने विचारलं.

"नाही रे, बघतेय फक्त."

ताईला मात्र कळलं मी काय करतेय ते. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या कोपराखाली हात सरकवला. दोन वर्षांपूर्वी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची दहा-बारा पावलं मी याच हाताच्या आधाराने चालत होते.

तेव्हाचं थोडं सांगायलाच हवं, नाहीतर नाताळच्या सजावटीतल्या, सांताच्या स्लेजमधून (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीतून) उडाल्यासारखं वाटायला लावणाऱ्या साडेचार मिनिटांच्या राइडबद्दल मी एवढं का लिहितेय ते कळणार नाही. एका पहाटे मी उशीवर कूस बदलली आणि छत फिरायला लागलं. थोडंसं हललं वगैरे नाही, गरगर फिरायला लागलं, आणि थांबेना. डोळे मिटले तर मी स्वतः फिरत होते, उघडले तर खोली. उलट्या, घाम, आणि गादीला घट्ट धरून ठेवलं नाही तर आपण पलंगावरून घसरून जाऊ अशी भीती. हे तीन दिवस चाललं. निदान झालं व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. आतल्या कानातून तोलाची खबर मेंदूकडे नेणारी नस सुजली होती, माझ्या बाबतीत डावी. ऐकू येणं शाबूत होतं. पण उजवा कान मेंदूला एक सांगत होता आणि डावा गप्प झाला होता. दोन्ही कानांच्या खबरीत फरक पडला की मेंदू त्याचा एकच अर्थ लावतो: डोकं फिरतंय.

फिरणं थांबलं तरी त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. चालताना मी डावीकडे ओढली जायचे. अंधारात उभं राहता यायचं नाही. मी पेटी वाजवते, शिकवते. डाव्या हाताने भाता मारताना खांदा हलतो, खांद्याबरोबर मान हलते, आणि मान हलली की समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या. चार महिने पेटी पेटीतच राहिली. व्यायाम होते, त्यांनीच मला परत आणलं. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर ठेवून मान हलवायची. पाय जुळवून डोळे मिटून उभं राहायचं. डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायची. या शेवटच्या व्यायामात सुरुवात खिडकीकडे तोंड करून व्हायची आणि डोळे उघडले की समोर डावीकडचं कपाट असायचं. स्वतःच्या शरीराने असं फसवलं की मनात राग येतो, खूप राग येतो. आपण सरळ उभ्या आहोत ही माहिती माणूस कधी कुणाला विचारत नाही. मला ती दर वेळी भिंतीला विचारावी लागत होती.

डावी नस पूर्ण परत आलेली नाही. चाचणीत ती अजून कमी भरते. पण मेंदूने जुना हिशेब मोडून नवा मांडला, आणि गेल्या आठ-नऊ महिन्यांत मला एकदाही भोवळ आलेली नाही. या राइडबद्दल मी माझ्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. त्यांनी हरकत नाही म्हटलं, काठावर बसू नका आणि त्रास झाला तर नजर स्थिर वस्तूवर ठेवा एवढं सांगितलं. ज्यांचा त्रास अजून चालू आहे त्यांनी ती पाटी खरोखर मानावी, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

रांग एका खोट्या गावातून जाते. छपरांवर कापसाचा बर्फ, खिडक्यांत पिवळे दिवे. एका खिडकीत एल्फांचा, म्हणजे सांताच्या बुटक्या मदतनिसांचा, कारखाना आहे, छोटे बाहुले हातोड्या मारतात आणि लाकडी आगगाडीला चाकं लावतात. एका भिंतीवर पत्रांचे खण आहेत, शेकड्याने, प्रत्येकात पाकिटं खोचलेली. हवा मुद्दाम गार ठेवलेली आणि कुठल्यातरी यंत्रातून पाइनचा आणि दालचिनीचा वास सोडलेला. सगळीकडून घुंगरांचा आवाज येत होता. ही स्लेजची घुंगरं मुळात शोभेसाठी नव्हतीच. बर्फावर टापा वाजत नाहीत आणि स्लेजला चाकंच नसतात, त्यामुळे समोरून येणाऱ्याला आपण आहोत हे कळावं म्हणून घोड्यांच्या पट्ट्याला घुंगरं बांधत. मला ही गोष्ट फार आवडते, की दिसत नसेल तिथे कान कामाला येतो.

रांगेच्या शेवटी स्लेजला जुंपलेले रेनडियर उभे आहेत, माणसाएवढे उंच, मान हलवणारे. भाचा त्यांच्याकडे बघून थांबला.

"मावशी, या सगळ्या बाया आहेत."

"कशावरून?"

"शिंगं आहेत ना. हिवाळ्यात बाप्यांची गळून जातात. बायांची राहतात."

आठ वर्षांच्या मुलाने असं काही ठामपणे सांगितलं की मी ते नंतर तपासून बघते. हे खरं आहे. मोठ्या नरांची शिंगं माजाचा काळ संपल्यावर, हिवाळा सुरू होताना गळतात. माद्यांची वसंतापर्यंत टिकतात. नाताळच्या रात्री शिंगांसकट स्लेज ओढणारे ते आठही जण बहुधा माद्याच ठरतात. हा आठांचा आकडा १८२३ सालचा आहे. त्या वर्षी २३ डिसेंबरला अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात एक कविता छापून आली आणि तिने आठ रेनडियर नावानिशी जुंपले. त्याच्या दोनच वर्षं आधीच्या एका कवितेत सांताक्लॉजच्या गाडीला एकच रेनडियर होता. लाल नाकाचा नववा तर १९३९ मध्ये, एका दुकानाने मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेतून आला. आम्ही शिंगं मोजली. नऊ जोड्या होत्या.

राइडच्या दाराशी लाल बंडी घातलेला एक मुलगा होता. मी त्याला माझी अडचण सांगितली. तो म्हणाला, "आत बाजूला एक बाक आहे, तो हलत नाही. तिथून सिनेमा सगळा दिसतो. आधी तिथून बघून घ्या, वाटलं तर पुढच्या फेरीला स्लेजमध्ये बसा." इतकं साधं आणि समजूतदार बोलणं मला आजारपणात फार थोड्या लोकांकडून ऐकायला मिळालं होतं. ताई भाच्याला घेऊन स्लेजमध्ये गेली, मी बाकावर बसले.

आत एक मोठा, वाटीसारखा वळलेला पडदा आहे. त्याच्यासमोर तीन स्लेज, प्रत्येकीत चार-चार जागांच्या तीन रांगा, खाली सगळीकडून पांढरी झालर, बर्फाच्या ढिगाऱ्यासारखी. दिवे गेले. पडद्यावर उत्तर ध्रुवावरचं अंगण, रेनडियरांच्या पाठी, त्यांच्या नाकातून निघणारी वाफ. स्लेज बर्फावरून पळायला लागली, वेग वाढला, आणि आम्ही उडालो.

म्हणजे माझे डोळे उडाले. बाक जागेवर होता.

मला वाटलं होतं की न हलणारी जागा म्हणजे सुरक्षित जागा. दहाव्या सेकंदाला तोंडात पाणी सुटायला लागलं. कपाळ गार पडलं. पडद्यावर आम्ही ढगातून डावीकडे वळत होतो आणि माझं अंग जणू विचारत होतं, कुठे वळतोय, मी तर इथेच बसलेय. पोटातून वर येणारी ती जुनी ओळखीची लाट आली आणि मला वाटलं, संपलं, परत सुरू झालं. मी पाय जमिनीवर दाबले, डोळे पडद्यावरून काढले आणि दारावरच्या हिरव्या दिव्याकडे लावले. दिवा स्थिर होता. लाट हळूहळू उतरली.

मग मी पडद्याकडे न बघता स्लेजकडे बघायला लागले. इथून पुढचं सगळं मला त्या बाकाने दिलं, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

स्लेज जवळजवळ हलतच नव्हती. घुंगरं वाजत होती, पंखे वाऱ्याचा झोत मारत होते, माणसं किंचाळत होती, भाचा आईच्या दंडाला लोंबकळत होता, आणि ती अख्खी स्लेज फक्त थोडीशी मागे रेलली होती. आरामखुर्ची रेलावी तितकी. पडद्यावर रेनडियरांनी वेग घेतला की स्लेज मागे रेलायची. वेग आवरला की पुढे झुकायची. वळण आलं की कुशीवर कलायची. आणि दोन झटक्यांच्या मध्ये कुणाला कळणार नाही अशी, मांजर पाय उचलतं तशी, हळूच परत सपाट व्हायची. बसलेल्यांपैकी एकालाही ते कळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मैलोन् मैल जात होते.

कानाच्या आत तोलाची दोन प्रकारची साधनं असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्या डोकं फिरतंय का ते सांगतात. आणि दोन पिशव्या, त्यांच्यात मऊ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. डोकं मागे कललं की कण आपल्या वजनाने मागे ओढले जातात. पण गाडी एकदम पुढे धावली तरी कण मागेच ओढले जातात. कणांना दोन्ही सारखंच. मागे कलणं आणि पुढे धावणं यांतला फरक त्या पिशव्यांना एकट्याने सांगता येत नाही. मग मेंदू डोळ्यांकडे बघतो, आणि डोळे म्हणतात, धावतोय, समोर रेनडियर आहेत. निकाल लागला. एवढ्या एका अडचणीवर ही सगळी राइड उभी आहे. परत सपाट होणं कळत नाही त्याचंही कारण तसंच आहे. सेकंदाला साधारण तीन अंशांपेक्षा हळू कललं तर आपल्या नलिकांना ते टिपता येत नाही. सिम्युलेटर, म्हणजे खोटा प्रवास घडवणारं असं यंत्र, त्या मर्यादेच्या खालून चालत परत आपल्या जागी येतो आणि पुढच्या झटक्याला तयार राहतो.

हे मी व्यायामांच्या काळात वाचलं होतं. माझं काय बिघडलंय हे कळावं म्हणून वाचत होते, रात्री, उशी उंच करून. पण वाचणं वेगळं आणि बाजूच्या बाकावरून बारा माणसांचे कान फसताना बघणं वेगळं.

राइड संपल्यावर ताई आधी माझ्याकडे धावत आली. "बाकावर बसूनसुद्धा तुझा रंग गेला होता गं, मी तिथून बघत होते. पुरे आता. आपण जाऊ."

मी तिला म्हटलं, "थांब. मला वाटतं मला बाकानेच त्रास दिला."

बाहेर येऊन आम्ही एका कट्ट्यावर बसलो. कागदी बर्फ उडवणारं एक यंत्र होतं, भाचा त्याच्याखाली जीभ बाहेर काढून उभा होता. ताईला पटवायला मी तिला एक जुनी हकीकत सांगितली, ती इथेही सांगते.

१९५०च्या दशकाच्या शेवटी, माणूस अवकाशात जायच्या आधी, अमेरिकेच्या नौदलाला आणि नासाला एक काळजी होती: वजनरहित अवस्थेत माणसाला किती मळमळेल? त्यांनी गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या महाविद्यालयातले अकरा जण निवडले. एक सोडून बाकी सगळ्यांना लहानपणी मेनिन्जायटिस (मेंदूभोवतीच्या आवरणाची सूज) होऊन बहिरेपण आलं होतं, आणि त्या दुखण्याने त्यांच्या आतल्या कानातली तोलाची साधनंही गेली होती. पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर प्रयोग झाले. त्यांच्यापैकी चौघे तर हळूहळू फिरणाऱ्या एका खोलीत बारा दिवस राहिले. एकदा त्यांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. लाटा अशा होत्या की प्रयोग करणारे शास्त्रज्ञच आडवे झाले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. आणि हे लोक मजेत पत्ते खेळत बसले होते.

"म्हणजे ज्याचा कान गेला त्याला मळमळतच नाही?" ताईने विचारलं.

"नाही. मळमळायला, फसायला, दोन्हीला कान लागतो."

बोलून झालं आणि मीच गप्प बसले. दोन वर्षं मी मळमळीला बिघाडाची खूण समजत होते. मघाशी बाकावर जे झालं ते मात्र कुठल्याही धडधाकट माणसाला होऊ शकलं असतं. डोळे म्हणत होते उडतोय, अंग म्हणत होतं बसलोय, आणि दोघांचं भांडण पोटाने ऐकलं. शेजारची आगगाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं, तसंच हे. माझ्या कानाने तिथे खरी साक्ष दिली होती. आणि हे खरं असेल तर स्लेजमध्ये मला बाकावरच्यापेक्षा बरं वाटायला हवं, कारण तिथे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतील, भले ती खोटी का असेना.

ताई म्हणाली, "तुला जायचंच आहे."

"हो."

तिने बॅगा घेतल्या.

मधली रांग, आतली जागा. मधल्या जागेला हिसके कमी बसतात, टोकाला जास्त, सी-सॉच्या फळीसारखं. कमरेचा पट्टा ओढून घेतला. भाच्याने माझा हात धरला, की मी त्याचा, माहीत नाही. दिवे गेले. तेच अंगण, तीच वाफ, त्याच पाठी. स्लेज पळायला लागली आणि पाठीमागून कुणीतरी मला खुर्चीत दाबलं.

मला माहीत होतं की मी फक्त मागे रेललेय. दहा मिनिटांपूर्वी मी ते बाहेरून पाहिलं होतं, किती अंश तेही हाताने दाखवू शकले असते. त्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नाही. आम्ही धावत होतो. टापांचा ठोका बसणीतून मणक्यात येत होता. मग ठोका थांबला, आवाज एकदम मऊ झाला, आणि जमीन गेली. पोटात तो रिकामा खड्डा पडला, झोका वरून खाली येताना पडतो तसा. मी ओरडले. भाचा ओरडला. उत्तरेकडचे हिरवे प्रकाशाचे पडदे बाजूने वर चढत गेले, डावीकडे वळलो तेव्हा मी डावीकडे कलले आणि नेमकी तेवढीच कलले जेवढं वळण होतं. डावीकडे! ज्या बाजूला मी चार महिने भिंत धरून चालत होते. मळमळ नव्हती. घाम नव्हता. चेहऱ्यावर वारा होता आणि त्यात पाण्याचे बारीक थेंब, बर्फ म्हणून. एक पोतं सुटून खेळणी ढगांत सांडली, ती गोळा करायला आम्ही सुळकन खाली गेलो, एका घड्याळाच्या मनोऱ्याला घासून वळलो, आणि शेवटी एका उतरत्या छपरावर घसरत घसरत, अगदी कडेला येऊन थांबलो. थांबताना सगळेजण एकदम पुढे झुकले. मीही झुकले. अकरा माणसांबरोबर, त्याच क्षणी, त्याच बाजूला.

दिवे आले तेव्हा मी रडत होते. भाचा घाबरला.

"मावशी, चक्कर आली?"

"नाही रे राजा. अजिबात नाही."

लाल बंडीवाल्या मुलाने विचारलं, ठीक आहात ना. मी म्हटलं, तुमच्या यंत्राने मला फसवलं, आणि मला फार बरं वाटलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने आम्हाला बाहेर जाताना झालरीची एक कड उचलून दाखवली. खाली अंधारात सहा तिरपे पाय होते, जोडीजोडीने वाकलेले, वर स्लेज आणि खाली जमीन. बस, एवढंच. सहा दांडे आखूड-लांब होतात आणि त्यातून सहा हालचाली निघतात: वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी, आणि तीन प्रकारचं कलणं-वळणं. या रचनेला आज स्टुअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात, १९६५ साली एका इंग्रज अभियंत्याने त्यावर निबंध लिहिला म्हणून. पण त्याच्या आधीच, १९५०च्या दशकात, डनलॉप कंपनीतल्या एरिक गॉफ यांनी टायर तपासायला असंच सहा पायांचं यंत्र केलं होतं, आणि अमेरिकेत क्लाउस कॅपल यांनी स्वतंत्रपणे तेच शोधून १९६७ मध्ये पेटंट मिळवलं. पुढे वैमानिक त्यावर शिकले. जानेवारी १९८७ मध्ये डिस्नीलँडमध्ये स्टार टूर्स ही राइड सुरू झाली ती वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरवरच, आणि तेव्हापासून थीम पार्कांमध्ये अशा राइड्स रुजल्या.

मला मात्र त्याच्याही आधीचं यंत्र जास्त जवळचं वाटतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक नावाचा तरुण होता, त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्याला विमान शिकायचं होतं आणि शिकवणी परवडत नव्हती. १९२९ मध्ये त्याने कारखान्यातल्याच वस्तूंतून एक बुटकं विमान बनवलं, आणि ते कलायचं कशावर, तर ऑर्गनच्या भात्यांवर. हवा भरली की उचललं, ओढून घेतली की बसलं. त्याच्या पेटंटच्या नावातच दोन उपयोग लिहिलेत: वैमानिक विद्यार्थ्यांसाठी आणि करमणुकीसाठी. सुरुवातीला ते घेतलंही करमणुकीच्या बागांनीच. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरायला लागले, तेव्हा सैन्याने त्याची सहा यंत्रं घेतली. ढगात शिरल्यावर कान खोटं बोलतो आणि विमानातल्या मापकांच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा असतो, हे जमिनीवर बसून शिकता यावं म्हणून.

भाता. चार महिने माझ्या डाव्या हाताला जो जमत नव्हता, त्याच्यावर माणसाने जमिनीवरचं उडणं उडून घेतलं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घरी गेल्यावर वाजव आज काहीतरी." मी हो म्हटलं.

पण भाच्याला तिसरी फेरी हवी होती. रांग कमी झाली होती. आत बसल्यावर पट्टा लावता लावता तो म्हणाला, "मावशी, या वेळी आपण डोळे मिटून बसू या. बघू या काय होतं."

त्याला कल्पना नव्हती तो काय मागतोय त्याची. डोळे मिटून उभं राहणं मला सर्वांत शेवटी जमलं होतं. पायाखाली घट्ट फरशी असताना, ताई मागे हात पसरून उभी असताना, दहा सेकंदांपासून सुरुवात करून. आणि इथे खालची जमीनच हलणार होती. डॉक्टरांनी स्थिर वस्तूवर नजर ठेवायला सांगितलं होतं. नजरच नसेल तर काय, ते मी विचारलंच नव्हतं.

"मिटलेस?" त्याने विचारलं.

"मिटले."

घुंगरं वाजली. टापा सुरू झाल्या. पाठ खुर्चीला टेकली, आणि या वेळी कुणी मला दाबलं नाही. मी मागे रेलले. फक्त रेलले, हळू, पंधरा-वीस अंश असतील, आणि ते मला स्वच्छ कळत होतं. आजूबाजूला माणसं ओरडत होती, वारा येत होता, थेंब येत होते, आणि या सगळ्याच्या मधोमध एक खुर्ची थोडी मागे, थोडी डावीकडे, थोडी पुढे होत होती. उडणं कुठेच नव्हतं. मी वाट बघत होते की आता काळोख गरगरायला लागेल. तो गरगरला नाही. एका झटक्याने आम्ही उजवीकडे कललो, आणि मला वर कुठे आहे ते माहीत होतं.

"मावशी," भाचा कानाशी ओरडला, "आपण कुठेच जात नाही आहोत!"

"हो ना!"

"उघडू?"

"तू उघड. मी जरा वेळ अशीच बसते."

त्याने उघडले असावेत, कारण पुढच्याच क्षणी तो किंचाळला आणि माझा दंड धरून खाली कुठेतरी पडायला लागला. मी त्याच्या शेजारी, डोळे मिटून, थोडीशी पुढे झुकलेली, सरळ बसले होते.